पेन्शनचा मूळ कागद कुणी पाहिलाय का?

आधीच सांगून टाकते. मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी हा माझ्यासाठी फक्त शंभर मार्कांचा पेपर होता, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर सांभाळून घ्या. पण या लेखाचा विषय मला इंग्रजीमुळेच मिळाला. आमच्याकडे एक समज आहे की पोरगी इंग्लिश मीडियमची आहे म्हणजे इंग्रजीतला कुठलाही कागद तिला कळतो. मग औषधाची चिठ्ठी असो, मोटारपंपाचं मॅन्युअल असो की बँकेची नोटीस, सगळं माझ्याकडे येतं.

२०२४ च्या दिवाळीत मी वसमतला आजोळी गेले होते. माझे मोठे मामा आमच्या पट्ट्यातल्या एका साखर कारखान्यात बॉयलिंग हाऊसला हंगामी कामगार होते. जून २०२४ मध्ये त्यांना ५८ पूर्ण झाली. फराळाच्या ताटाशेजारी त्यांनी एक फॉर्म ठेवला आणि म्हणाले, "पोरी, एवढं वाचून दाव. टाइम ऑफिसवाले सही करून टाक म्हणलेत, पैसे येतेत म्हणे."

फॉर्मवर लिहिलं होतं १०-सी. मी वाचला. वाचता आला, पण कळला नाही. वाचता येणं आणि कळणं यातला फरक मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजला! मामांनी सांगितलेला हिशेब असा होता: २००६-०७ ते २०२३-२४ या काळात १५ हंगाम काम (तीन वर्षं त्यांना बोलावलंच नव्हतं, कारण ऊसच नव्हता), प्रत्येक हंगाम पाच-साडेपाच महिन्यांचा, एकूण ८२ महिने. ८२ महिने म्हणजे सातेक वर्षं. पेन्शनला दहा वर्षं लागतात. म्हणून पेन्शन नाही, एकरकमी पैसे घ्या आणि मोकळे व्हा.

हिशेब चुकलेला वाटत नव्हता. माझ्या इंजिनिअरिंगच्या डोक्यालाही तो पटला. तरीही एक प्रश्न मी विचारला, "मामा, असा नियम कुठे लिहिलाय?" मामा म्हणाले, "साहेबांला माहीत असंल." मग साहेबांना कुणी सांगितलं? आधीच्या साहेबांनी. आमच्या लॅबमध्ये जुन्या बॅचचं जर्नल उतरवतात ना, तसंच. पहिल्याने चूक केली की पुढच्या सात बॅचेस तीच चूक सुवाच्य अक्षरात लिहितात.

आता थोडं मूळ विषयाकडे. प्रायव्हेट कंपनी, साखर कारखाना, सूतगिरणी, खासगी कॉलेज अशा ठिकाणी पगारातून पीएफ कापला जातो हे सगळ्यांना माहीत असतं. कामगाराचे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के. पण मालकाच्या त्या १२ मधले ८.३३ टक्के पीएफमध्ये जातच नाहीत, ते पेन्शनच्या खात्यात जातात. ही योजना म्हणजे कर्मचारी पेन्शन योजना, १९९५. १६ नोव्हेंबर १९९५ पासून ती लागू झाली. त्याआधी १९७१ ची कुटुंब पेन्शन योजना होती, ती हिच्यात विलीन झाली. केंद्र सरकार वर १.१६ टक्के घालतं. पगाराची कमाल मर्यादा २००१ पासून ६,५०० होती, १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० झाली. पेन्शनचं सूत्र आठवीच्या पोराला जमेल इतकं सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले पेन्शनपात्र सेवा, भागिले ७०.

सोपं सूत्र आहे, पण त्यात घालायची सेवा कशी मोजायची, पगार कसा धरायचा, हे सूत्रात नाही. ते योजनेच्या मूळ मजकुरात आहे. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना लगेच समजेल. दुकानदार सांगतो त्यावर आपण आयसी लावत नाही, डेटाशीट बघतो. पेन्शन योजनेचीही डेटाशीट आहे. ती राजपत्रात छापलेली आहे, भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या वेबसाइटवर इंग्रजी-हिंदीत आहे, आणि कायद्याची पुस्तकं विकणाऱ्या दुकानात पुस्तक म्हणूनही मिळते. ती गुप्त बिलकूल नाही. फक्त मागायची असते हे कुणाला सुचत नाही.

त्या रात्री मी ती मोबाइलवर उघडली. भाषा भयंकर होती! वाक्य एका पानावर सुरू होऊन दुसऱ्या पानावर संपतं, आणि मध्ये तीन वेळा 'परंतु' येतं. पण परिच्छेद ९ ला थांबले. पात्र सेवा कशी मोजायची याचा तो परिच्छेद. पहिली गोष्ट, सहा महिने किंवा जास्त असलेला तुकडा पूर्ण वर्ष धरायचा. म्हणजे ज्याची सेवा नऊ वर्षं सहा महिने आहे त्याची दहा होतात. आणि त्याखाली स्पष्टीकरण आहे. त्याचा अर्थ असा, की हंगामी कर्मचाऱ्याची एखाद्या वर्षातली प्रत्यक्ष सेवा वर्षापेक्षा कमी असली तरी ती पूर्ण वर्ष समजायची.

मी ते तीनदा वाचलं. मग आजीला उठवलं, कारण दुसरं कुणी जागं नव्हतं.

म्हणजे मामांचे ८२ महिने हा हिशेबच गैरलागू होता. १५ हंगाम म्हणजे १५ वर्षं. दहाची अट केव्हाच पूर्ण झालेली. याचा पैशात अर्थ काय होतो ते बघा. हिशेब सोपा राहावा म्हणून सरासरी पेन्शनपात्र पगार ७,००० धरू. ७,००० गुणिले १५ भागिले ७० म्हणजे महिना १,५०० रुपये, तहहयात, आणि मामांच्या नंतर मामींना कुटुंब पेन्शन. तेच सात वर्षं धरली तर पेन्शन शून्य, आणि एकरकमी मिळणार पगाराच्या सात-साडेसात पट, म्हणजे पन्नास हजारांच्या आसपास. पन्नास हजार ऐकायला मोठे वाटतात. पण दीड हजारांच्या पेन्शनने ते तीन वर्षांच्या आत भरून निघतात. (मामांचा खरा हिशेब जरा गुंतागुंतीचा आहे, कारण सप्टेंबर २०१४ च्या आधीची सेवा जुन्या मर्यादेने आणि नंतरची नव्या मर्यादेने, असे दोन तुकडे पडतात. ते इथे सोडून देते.)

आणखी एक गंमत. हंगाम नसताना कारखाना कायम हंगामी माणसाला थोडे पैसे देतो, ज्याला सगळे 'रिटेन्शन' म्हणतात. तो पैसा म्हणजे पगार नाही, असं मामांचे सगळे मित्र समजून चालले होते. पण १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याच्या कलम ६ मध्ये मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या जोडीला या भत्त्याचंही नाव घेतलेलं आहे. म्हणजे त्यावरही वर्गणी भरायला हवी. हा शब्द कायद्यात आहे हे कारखान्याच्या गेटवर किती जणांना माहीत असेल?

आता दुसरा धडा, आणि हा मी चुकत शिकले. योजनेचा मजकूर हा एक कागद झाला. पण तेवढ्याने भागत नाही. आपल्या नावावर नेमकं काय नोंदलंय हा दुसरा कागद, आणि तो जास्त चिवट. एप्रिल २०१२ पासून मालक दर महिन्याचं विवरण ऑनलाइन भरतात, त्यामुळे त्यानंतरची माहिती पासबुकात बऱ्यापैकी दिसते. त्याआधी मात्र दर वर्षी फॉर्म ३-ए (एकेका कामगाराचं वर्षाचं कार्ड) आणि ६-ए (सगळ्यांचा एकत्र तक्ता) कागदावर जात. २०१२ च्या आधीचं काही गायब असेल तर भांडण या दोन फॉर्मवर येऊन थांबतं. पासबुकात एक रकाना असतो 'एनसीपी डेज', म्हणजे वर्गणी न भरलेले दिवस. कुणी चुकीचा आकडा घातला तर तेवढी सेवा कमी होते, आणि पंधरा वर्षांनी कळतं.

तिसरा कागद फक्त काही जणांना लागतो. मोठ्या काही संस्थांना सरकारने पीएफ स्वतःच्या ट्रस्टमध्ये ठेवायची सूट दिलेली असते. तिथे ट्रस्टचे स्वतःचे नियम असतात. हे नियम किती महत्त्वाचे ते अलीकडेच दिसलं. ४ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सुनील कुमार बी. प्रकरणात निकाल दिला आणि मर्यादेपेक्षा जास्त, खऱ्या पगारावर पेन्शन घेण्यासाठी पात्र लोकांना संयुक्त पर्याय द्यायची संधी मिळाली. देशभरातून साधारण साडेसतरा लाख अर्ज आले. मग प्रश्न सुरू झाले: जास्त पगारावर वर्गणी भरायची संयुक्त विनंती, जी पेन्शन योजनेच्या नव्हे, तर भविष्य निर्वाह निधी योजनेच्या परिच्छेद २६(६) प्रमाणे करायची असते, ती कुठे आहे? आणि ट्रस्टचे नियम काय म्हणतात? ट्रस्टच्या नियमातच वर्गणी मर्यादेपुरती लिहिली असेल तर अर्ज अडला. ज्या नियमांची प्रत आयुष्यात कधी पाहिली नव्हती, त्या नियमांनी निवृत्त माणसांचे अर्ज अडवले.

आपल्या स्टाफपैकी जे सरकारी किंवा अनुदानित संस्थेत होते किंवा जाणार आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी १९८२ चे पेन्शन नियम, आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांसाठी ३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाची अंशदान योजना, जी पुढे राष्ट्रीय पेन्शन प्रणालीत गेली. तिथेही कागदच! २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने, ज्यांच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी निघाली होती पण जे नंतर रुजू झाले, अशा राज्य कर्मचाऱ्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय एकदा दिला. आता वीस वर्षांपूर्वीच्या जाहिरातीचं कात्रण कुणी जपून ठेवलं असेल बरं? ज्यांनी ठेवलं ते हुशार.

अमेरिकेत एरिसा नावाचा १९७४ चा कायदा आहे. तिथे योजनेचा सोप्या भाषेतला सारांश कर्मचाऱ्याला न मागता द्यावा लागतो. मूळ दस्तऐवज लेखी मागितल्यावर ३० दिवसांत दिला नाही, तर कोर्ट दिवसाला ११० डॉलरपर्यंत दंड लावू शकतं. हे वाचून मला आधी हेवा वाटला. मग लक्षात आलं की ३० दिवसांची मुदत आपल्याकडेही आहे, माहितीच्या अधिकारात! फक्त अर्ज कुणाकडे करायचा हे नीट कळलं पाहिजे.

मी आधी चुकीच्या दारात गेले. मामांच्या नावाने थेट कारखान्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. टाइम ऑफिसने पोच दिली नाही, वर "आम्हाला हे लागू नाही" असं सांगितलं. मला राग आला, पण नंतर वाचल्यावर कळलं की त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं. ७ ऑक्टोबर २०१३ ला थलप्पलम सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की सरकारचं भरीव अर्थसाहाय्य किंवा खोलवर नियंत्रण नसेल तर सहकारी संस्था सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. पण भविष्य निर्वाह निधी संघटना नक्कीच ठरते, आणि कारखान्याने भरलेलं सगळं तिच्याकडे असतं. आपल्या भागाचं प्रादेशिक कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. अर्ज तिकडे करायचा.

अर्ज मराठीत चालतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(१) मध्ये इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं स्पष्ट लिहिलंय. कारण सांगावं लागत नाही. फी १० रुपये, पोस्टल ऑर्डर 'लेखा अधिकारी' या नावाने. दारिद्र्यरेषेखालील असाल तर फी नाही, दाखला जोडायचा. झेरॉक्सचे पानाला २ रुपये नंतर मागतात. अर्ज पाचशे शब्दांच्या आत ठेवा. आम्ही जानेवारी २०२५ मध्ये रजिस्टर पोस्टाने पाठवला तो मजकूर, नावगाव काढून, देते. कुणालाही उतरवता येईल (हे एकच जर्नल उतरवायला माझी हरकत नाही):

"प्रति, केंद्रीय जन माहिती अधिकारी, कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना, प्रादेशिक कार्यालय. विषय: माहितीचा अधिकार अधिनियम २००५, कलम ६(१) अन्वये अर्ज. माझा सदस्य क्रमांक व यूएएन खाली दिला आहे. माझ्या स्वतःच्या खात्याबद्दल पुढील कागदांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात. एक, कर्मचारी पेन्शन योजना १९९५ चा, माझ्या वयाला ५८ वर्षे पूर्ण झाली त्या तारखेस लागू असलेला मजकूर, किंवा तो प्रसिद्ध असल्यास त्याचा नेमका पत्ता. दोन, माझ्या मालकाने माझ्याबद्दल भरलेले फॉर्म ३-ए, प्रत्येक वर्षाचे. २०१२ नंतरची मासिक विवरणे. तीन, माझी वर्षनिहाय पात्र सेवा, एनसीपी दिवसांसह. चार, माझ्या आस्थापनेची नोंद हंगामी म्हणून आहे काय, त्याचा कागद. पाच, आस्थापनेस सूट असल्यास ट्रस्टच्या नियमांची प्रत."

यातलं 'त्या तारखेस लागू असलेला' हे महत्त्वाचं. योजना अनेकदा बदलली आहे. २२ ऑगस्ट २०१४ च्या एकाच अधिसूचनेने, जिचा नंबर जी.एस.आर. ६०९(ई) आहे, पगाराची मर्यादा बदलली आणि सरासरी १२ ऐवजी ६० महिन्यांची केली. २१ नोव्हेंबर २०२५ ला सामाजिक सुरक्षा संहिता २०२० लागू झाली आणि १९५२ चा कायदा तिच्यात गेला. जुन्या योजना, संहितेशी विसंगत नसतील तेवढ्या, एक वर्ष चालू राहतील अशी तरतूद तिच्यात केली होती. म्हणजे आज निवृत्त होणाऱ्याचा आणि मामांचा कागद एकच असेल असं समजू नका. डेटाशीटची रिव्हिजन बघायची असते.

एक काळजी घ्या. दुसऱ्याच्या खात्याची माहिती मागितली तर खासगी माहिती म्हणून नाकारतात, म्हणून अर्ज ज्याचं खातं त्याच्याच सहीने जाऊ द्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, आणि तिथेही नाही झालं तर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे. ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी, जानेवारी २०२३ पासून महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात 'निधी आपके निकट' शिबिर सुरू झालं. तिथे तोंडी विचारता येतं. पण माझं मत विचाराल तर तोंडी उत्तर घरी नेता येत नाही.

मामांचं उत्तर फेब्रुवारीत आलं. पाकीट फोडताना मामी देवापुढे उभ्या होत्या, जसा काही माझा रिझल्टच आहे. १५ पैकी १३ हंगाम नोंदलेले होते. २००९-१० आणि २०१०-११ चे ३-ए रेकॉर्डवर नाहीत. तरी १३ म्हणजे दहापेक्षा जास्तच. मामा तो तक्ता आणि परिच्छेद ९ चं प्रिंट घेऊन टाइम ऑफिसला गेले. मी सोबत होते, पण मुद्दाम गप्प बसले. तिथल्या साहेबांनी चष्मा लावून सावकाश वाचलं आणि म्हणाले, "हे आम्हाला कुणी दाखवलंच नव्हतं." मला वाटतं ते खरं बोलत होते. त्यांनी १०-सी परत घेतला आणि १०-डी, म्हणजे पेन्शनचा अर्ज, सही करून पुढे पाठवला. गेल्या हंगामात निवृत्त झालेल्या अजून चौघांची नावंही त्यांनी स्वतःहून वहीत लिहून घेतली. त्यातल्या दोघांनी १०-सी वर पैसे आधीच उचलले होते. त्यांचं काय करायचं, याचं उत्तर त्या खोलीत कुणाकडे नव्हतं, माझ्याकडेही नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये मामांची पेन्शन सुरू झाली, १३ वर्षांवर. उरलेल्या दोन हंगामांसाठी झुंज चालू आहे. वरच्याच सोप्या हिशेबाने दोन वर्षं म्हणजे महिना २०० रुपये. पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या अल्बमखाली, २००९-१० च्या तीन पगार चिठ्ठ्या सापडल्या आहेत, पीएफ कपातीच्या आकड्यासह. २०१०-११ ची एकही नाही. मामांच्या पाळीतल्या एका जुन्या सोबत्याकडे असण्याची शक्यता आहे, तो आता कळमनुरीकडे असतो.

आपल्या मेसच्या काकांना मी हे सगळं सांगितलं, तेव्हा पुढच्या रविवारी ते पोळ्या झाल्यावर पासबुकाचं प्रिंट घेऊन आले. त्यांच्या रुजू होण्याच्या तारखेतच तीन वर्षांचा फरक आहे. अर्ज लिहून झालाय, पोस्टल ऑर्डर सोमवारी घ्यायची आहे. योजनेच्या मजकुराची एक प्रत लेडीज हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये आणि एक ग्रंथालयात संदर्भ विभागात ठेवली आहे. परिच्छेद ९ वर पेन्सिलने खूण केलीय, ती कृपया कुणी खोडू नका.